‘ब’ बाटलीतली भुकटी

सर उंदरांना अहोजाहो करत आणि आम्हा विद्यार्थ्यांना अरेतुरे. सकाळी कॉलेजच्या प्राणिघराचं दार उघडलं की आधी पिंजऱ्यांकडे वळून विचारत, "काय, झोप झाली का तुमची?" आणि मग माझ्याकडे न बघताच, "पाणी बदललंस का गं?" मी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातली. उंदराचा पाहुणचार म्हणजे सापळ्यात भज्याचा तुकडा लावायचा, एवढंच मला माहीत. पहिला महिनाभर हा माणूस मला जरा सटकलेला वाटला. शेवटी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तू फॉर्म भरून आलीस. यांच्यापैकी कुणी फॉर्म भरला होता का?"

पुढच्या आठवड्यापासून पिंजरे पुसताना मीसुद्धा "सरका जरा" असं म्हणायला लागले.

नगरजवळच्या एका फार्मसी कॉलेजात सर वनौषधी शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली एम. फार्म.चा प्रबंध करत होते. उंच, काटकुळे, कायम पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशावर कायमचा तपकिरी डाग, कारण खिशात पेनाऐवजी सालींचे तुकडे असत. बोलता बोलता एखादा तुकडा काढून दाढेखाली धरायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ समोरच्याने थांबायचं. एकदा स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य नव्या इमारतीबद्दल रंगून बोलत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "सर, तुमचं काय मत?" सर डोळे न उघडता म्हणाले, "भेसळ आहे." बिचारे दाढेखालच्या सालीबद्दल बोलत होते, पण त्या इमारतीचा ठेकेदारही तिथेच बसला होता, आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणतात.

त्यांना "कसे आहात सर?" असं विचारायची सोय नव्हती. मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळाकडे बघायचे आणि सांगायचे, "चौऱ्याहत्तर." एवढं झालं की विषय संपला. कुणी "आज जरा बरं वाटत नाही" म्हणालं तर सरांना ते उत्तरच वाटायचं नाही. ताप किती, ठोके किती, रात्री किती तास झोपलीस? 'वाटतं' या शब्दावर त्यांचा जुना राग होता.

तो राग आला त्यांच्या वडिलांच्या दुकानातून. सरांचं घराणं अत्तारांचं. गावातल्या जुन्या बाजारात काष्ठौषधींचं दुकान. हिरडा, बेहडा, अश्वगंधा, अर्जुनाची साल, सगळं पोत्यांतून. छातीत धडधडतं म्हणून लोक यायचे आणि अब्बा मूठभर अर्जुन कागदात बांधून द्यायचे. पन्नास वर्षं दिली. सर कॉलेजात गेले, सूक्ष्मदर्शकाखाली साली बघायला शिकले, आणि सुट्टीत घरी आल्यावर हौसेने दुकानातल्या पोत्यातले तुकडे घेऊन बसले. अर्ध्याहून जास्त साल अर्जुनाची नव्हतीच. ती ऐनाची होती. ऐन अर्जुनाचा चुलतभाऊच, जंगलात मुबलक. व्यापारी सर्रास मिसळतात. कापलेली साल नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अब्बांसारख्या मुरलेल्या माणसालाही जमलं नव्हतं.

"सांगितलंत त्यांना?" मी विचारलं होतं.

"सांगितलं ना. एकोणीस वर्षांचा होतो, अक्कल कमी. जेवताना सांगितलं. अब्बांनी घास खाली ठेवला. म्हणाले, 'लोग तो बोलते थे आराम पडा. फिर पचास साल मैंने क्या बेचा?'" सरांनी खिशातला सालीचा तुकडा काढला आणि पुन्हा आत ठेवला. "दुसऱ्या दिवशी पोतं मागे उकिरड्यावर ओतलं. गिऱ्हाइकाला सांगायचे, अर्जुन नाही, दवाखान्यात जा. माझ्याशी मात्र ईदपर्यंत बोलले नाहीत."

त्यामुळे सरांनी बाजारातली साल कधी वापरली नाही. दरवर्षी हिवाळ्यात एसटीने नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याला जायचे, तिथून प्रवरेच्या काठाने चालत. मीही एकदा गेले. प्रत्येक झाडाची चार बोटं रुंद आणि वीतभर लांब एवढीच साल काढायची, जखमेवर शेण-माती लिंपायची, फांदीचा नमुना कागदात दाबायचा, वहीत झाडाची जागा लिहायची. एका झाडाची साल पुन्हा काढायची नाही. काठावर म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "अवो, एवडंसं काय खरवडताय? सोला की अख्खं झाड, कोन बघतंय हितं!" सरांनी त्याला हाताला धरून मागच्या वर्षीच्या झाडाकडे नेलं आणि भरून आलेल्या सालीवर त्याचा तळवा टेकवला. म्हातारा "लई झ्याक भरलंय की" म्हणाला आणि मग दिवसभर आमच्या पिशव्या उचलत फिरला.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. कॅन्सरवर एक औषध आहे, लालभडक रंगाचं. गाठींवर जबरदस्त चालतं, म्हणून डॉक्टर ते देतात आणि द्यावंच लागतं. पण काही जणांच्या हृदयाला ते इजा करतं. कॅन्सर हटतो आणि हृदय थकतं. सरांचा ध्यास असा की अर्जुनाच्या सालीतल्या द्रव्यांमुळे या लाल औषधाचा हृदयावरचा मार कमी होतो का, ते नीट तपासायचं. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. उंदरांना लाल औषध टोचायचं, सोबत अर्क द्यायचा, आणि शेवटी त्यांच्या हृदयाचे पातळ काप काचेवर घेऊन बघायचं. ज्या दिवशी उंदीर मारावे लागत त्या दिवशी सर जेवत नसत. शिपाई समजायचे, सरांचा रोजा आहे.

अर्काला 'औषध' म्हणायला प्रयोगशाळेत बंदी होती. म्हणायचं भुकटी. चुकून कुणाच्या तोंडून 'औषध' गेलं तर त्या दिवशीची सगळी काचेची भांडी त्याने घासायची. मी पहिल्या तिमाहीत इतकी भांडी घासली की माझी बोटं आईच्या बोटांसारखी दिसायला लागली होती. "औषध तेव्हा म्हणायचं," सर सांगायचे, "जेव्हा ते माणसात सिद्ध होईल. तोवर ती झाडाची साल आहे आणि तुझी इच्छा आहे."

त्या वर्षीचा प्रयोग सरांचा शेवटचा होता. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. तीन बाटल्या होत्या, सारख्या तपकिरी काचेच्या, सारख्या तपकिरी भुकटीने भरलेल्या: अ, ब, क. एकीत अर्जुन, तुलनेसाठी एकीत ऐन, आणि एकीत नुसती डिंकाची पूड, जळक्या साखरेने रंगवलेली. कुठल्या बाटलीत काय, हे मला माहीत नव्हतं आणि सरांनाही नव्हतं. बाटल्या भरल्या होत्या आमच्या ग्रंथपाल बाईंनी. त्यांनीच ते कागदावर लिहून पाकिटात घातलं, पाकिटाला लाख लावली आणि सरांनी ते आपल्या कपाटात कुलपात ठेवलं. तपासणाऱ्यालाच ठाऊक असलं की डोळा आपल्याला हवं ते बघतो, असं सरांचं म्हणणं. सगळ्या काचा तपासून झाल्यावरच पाकीट फोडायचं.

त्याच हिवाळ्यात माझ्या आईच्या छातीत गाठ निघाली.

नगरच्याच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि पुढे सलाईनमधून केमो सुरू झाला. दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा. वडील गावाकडे जनावरांपाशी, आणि आई माझ्याकडे सावेडीतल्या खोलीवर, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या सलाईनला मी तिच्याशेजारी बसले होते. नर्सने पिशवी टांगली. तोच लाल रंग. सकाळी जे मी उंदरांना टोचून आले होते तेच दुपारी थेंबाथेंबाने आईच्या हातात उतरत होतं.

"कसलं गं ह्ये, कुंकवाच्या पान्यासारखं?" आई म्हणाली.

मी तिला काही सांगितलं नाही. काय होऊ शकतं ते मला आधीच्या प्रयोगांतल्या काचांवर दिसलेलं होतं.

तिसऱ्या सलाईननंतर आई जिन्यात थांबायला लागली. दुसऱ्या मजल्यावर एक शेजारीण राहायची. आई तिच्या दारात उभी राहून उगीच भाजीचा भाव विचारायची. मला वाटलं, गप्पांची आवड. मग एकदा मी मागून आले तर दार बंद होतं आणि आई कठड्याला धरून एकटीच उभी होती. तिला धाप लागली होती.

"डाक्टरला सांगू नगं," ती म्हणाली. "सलाईन बंद करतील. गाठ परत आली म्हंजी?"

मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, आपल्याकडे अर्जुन आहे. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्याकडे प्रश्न आहे. उत्तर अजून नाही. ही भुकटी त्या लाल औषधाच्या कामात अडथळा आणते की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही. डॉक्टरांना भेट." धाप लागते हे मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं. भीती वाटते, एवढंच म्हटलं होतं.

मला त्यांचा मनापासून राग आला. तीस वर्षं ज्या झाडामागे फिरले ते झाड स्वतःच्या विद्यार्थिनीच्या आईला द्यायची वेळ आली तर हा माणूस नियम दाखवतो! आणि मी ठरवलं.

कुठल्या बाटलीत अर्जुन आहे हे मला माहीत नव्हतं, पण मला वाटत होतं की माहीत आहे. दोन महिने रोज मी त्या उंदरांना हातात घेत होते. ‘ब’ पिंजऱ्यातले तुकतुकीत होते, डोळे चमकदार, हात पुढे केला की धावत यायचे. ‘क’मधले कोपऱ्यात मरगळून बसलेले. शेंबडं पोरही सांगेल की अर्जुन ‘ब’मध्ये आहे. ‘ब’ बाटलीतून मी रोज दोन चमचे भुकटी कागदात बांधून नेऊ लागले. दुधात गूळ घालून उकळायची आणि आईला सकाळ-संध्याकाळ द्यायची.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "लई हलकं वाटतंय गं. कशाचं हाय ह्ये?"

त्या रात्री मी शांत झोपले. धाप तशीच होती, जिन्यातलं थांबणं तसंच होतं, पण दोघींना बरं वाटत होतं. आता अर्जुन चालू आहे म्हटल्यावर दवाखान्यात सांगायची गरज काय, असं आम्ही दोघींनी न बोलता ठरवून टाकलं.

सर दर सकाळी तिन्ही बाटल्या तराजूवर ठेवून वजन वहीत लिहीत, ही गोष्ट मला माहीत होती. ते आकडे ते वाचतही असतील, हे मी धरलं नव्हतं. बाराव्या दिवशी त्यांनी मला प्राणिघरातून प्रयोगशाळेत बोलावलं. वही उघडी होती.

"‘ब’ रोज पाच ग्रॅम जास्त जातेय. उंदरांनी खाल्ली म्हणावं, तर त्यांना झाकण उघडता येत नाही."

मी मान खाली घातली. "आई घेतेय, सर."

ओरडतील असं वाटलं होतं. ते स्टुलावर बसले आणि पेन काढलं. किती दिवस? दिवसातून किती? कशातून? शेवटचं सलाईन कधी झालं, पुढचं कधी?

"उद्या सकाळी."

"डॉक्टरांना सांगितलंयस?"

"नाही."

"हे कशासाठी द्यायला लागलीस? भीतीने, की तिला काही होतंय?"

मग मला सांगावं लागलं, जिना, कठडा, धाप, सगळं. सरांनी पेन बंद केलं, उठले आणि कपाटाचं कुलूप काढलं. ते काय करतायत हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मग मी अक्षरशः त्यांच्या आडवी गेले.

"सर, पाकीट नका फोडू! तीन आठवड्यांचंच काम राहिलंय. तुमचं सगळं वाया जाईल. ग्रंथपाल बाईंना माहीत आहे ना? त्या परस्पर डॉक्टरांना फोन करतील. मला नको कळायला, तुम्हालाही नको."

"आणि जी बाई प्यायलीय तिला? तिला कोण सांगणार, तिच्या पोटात काय गेलंय ते?"

"तिला नंतर सांगू."

"सलाईन उद्या आहे," सर म्हणाले. "सरक."

त्यांनी ग्रंथपाल बाईंना साक्षीला बोलावलं. पाकिटावर तारीख आणि वेळ लिहिली, खाली कारण लिहिलं: 'एका माणसाने घेतलं आहे म्हणून.' मग लाख फोडली, कागद उलगडला आणि मोठ्याने वाचलं. ‘अ’ ऐन. ‘ब’ डिंक. ‘क’ अर्जुन.

डिंक! अकरा दिवस मी आईला डिंक आणि जळकी साखर पाजत होते. मला हसू फुटलं, म्हणजे रडूच, पण हसण्यासारखं. म्हटलं, "म्हणजे काही अपाय नाही ना सर? नुसता डिंक!"

आयुष्यात सर माझ्यावर एकदाच ओरडले, ते तेव्हा. "अपाय नाही? अकरा दिवस तिला धाप लागतेय आणि तू गप्प बसलीस! का बसलीस? डिंक काम करतोय म्हणून? डिंकाने काही केलं नाही. तुझ्या खात्रीने केलं!"

ग्रंथपाल बाईंनी मला पाण्याचा ग्लास दिला. सर तोवर हेल्मेट घालून दारात उभे होते.

घरी आल्यावर ते आईसमोर खुर्चीवर बसले आणि सगळं सरळ सांगितलं. बाटल्या, पाकीट, डिंक. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पन मला बरं वाटत हुतं की वो, सर."

"वाटलं असेल. पोरीने उकळून दिलं, गुळाचं दूध होतं. पण तुम्ही जिना कितीदा थांबून चढता?"

आईने माझ्याकडे बघितलं. "तीनदा," ती म्हणाली. "कधी चारदा."

"हे उद्या डॉक्टरांना सांगायचं. सलाईनच्या आधी."

"आन् त्यांनी बंद केलं तर? मी मरायची काय गाठीनं?"

"गाठीला एकच औषध नाही," सर म्हणाले. "हृदय मात्र एकच आहे. कुठलं द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. पण त्यांना दिसलं तर ठरवतील ना? तुम्ही दोघींनी त्यांचे डोळे बांधलेत."

दुसऱ्या दिवशी सर आमच्या आधी दवाखान्यात पोचले होते. डॉक्टर बाई तरुण आणि तडकफडक. सर आत गेल्या गेल्या म्हणाले, "चूक माझी. बाटली माझ्या कपाटातली आहे." मी म्हटलं, "नाही, मी चोरली." आई म्हणाली, "मी दम लागतो ते लपिवलं." डॉक्टर बाईंनी तिघांनाही एकत्रच झाडलं. आईला, मला आणि साठीच्या सरांना. सर विद्यार्थ्यासारखे हात मागे बांधून ऐकत होते आणि मध्ये मध्ये "बरोबर" म्हणत होते. बोलून झाल्यावर बाईंनी सलाईन थांबवलं आणि आईला ताबडतोब एकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, पाठवलं.

प्रत्येक ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त पुढे ढकलतं त्याचा एक आकडा असतो. उपचार सुरू होण्याआधी आईचा बासष्ट होता. त्या दिवशी चव्वेचाळीस आला. लाल औषध त्याच दिवशी बंद झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि कॅन्सरचं पुढचं औषध बदललं. "आज चौथं दिलं असतं तर..." डॉक्टर बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. मला ते आजही पुरं करवत नाही. आईला मीच जवळजवळ मारलं होतं, तेही झाडपाल्याने नाही, चमच्याने डिंक भरवून.

कॉलेजात परतल्यावर प्राचार्यांनी सरांना समजावलं. तीन आठवडे राहिलेत, पाकिटाचं कॉलेजात आपल्या चौघांनाच माहीत आहे, पुरं करून टाका, निवृत्तीच्या आधी छापून येईल. सरांनी वही उघडली आणि सगळ्या पानांवरून तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिलं. दोन वर्षांची परवानगी, अकोल्याच्या खेपा, साल वाळवणं, कुटणं, सगळ्यावरून ती एक रेघ गेली. मी समोर उभी होते. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "माफी राहू दे. साल किती शिल्लक आहे ते मोज."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा परवानगीचे अर्ज, पुन्हा नवे उंदीर. मेमध्ये सर निवृत्त झाले, सत्काराची शाल खांद्यावर घेऊनच संध्याकाळी प्राणिघरात पाणी बदलायला आले, आणि दुसऱ्या दिवसापासून बिनपगारी येऊ लागले. मला वाटलं होतं, आता ते मला भुकटीच्या जवळपासही येऊ देणार नाहीत. झालं उलटंच. नव्या बाटल्या भरायच्या दिवशी त्यांनी ग्रंथपाल बाईंना न बोलावता मला बोलावलं.

"तू भर. कशात काय आहे ते तुलाच ठाऊक असेल. उंदरांची कामं दुसरा विद्यार्थी करेल, काचा मी बघेन. आणि सहा महिने तू कुणाला काही सांगायचं नाहीस. मला तर मुळीच नाही."

"सर, माझ्यावर?"

"तुझ्यावरच. न कळता खात्री बाळगणं काय असतं ते तुला माहीत झालंय. आता कळून गप्प बसायला शीक. चेहऱ्यानेसुद्धा बोलायचं नाही."

त्याइतकी कठीण शिक्षा कुणी कुणाला दिली नसेल. सर पिंजऱ्यांपुढे उभे राहून "आज तुमची तब्येत छान दिसतेय बरं का" म्हणायचे, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. पुढे मी घरातून निघतानाच मास्क लावायला लागले. तरी सर माझ्याकडे बघायचं टाळतच. माझ्या भुवयांवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्या प्रयोगाचं पुढे काय झालं, असं लोक विचारतात. उंदरांच्या हृदयाला सालीने काही आधार दिला, पुरता नाही, असं सरांनी लिहिलं आणि 'उंदरांच्या' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. गावाकडे कुणाचा केमो सुरू झाला की माणसं आईकडे चौकशीला येतात, तुमच्या पोरीने कसलीशी साल दिली होती म्हणे. आई त्यांना बसवते, चहा देते आणि ठणकावून सांगते, "डिंक दिला हुता. मी वाचले ती खरं सांगितल्यानं. तुमाला काय हुतंय ते आधी डाक्टरला सांगा." पुष्कळांना ते पटत नाही. आई पुन्हा सांगते.

मला मात्र आठवतो तो त्या सहा महिन्यांमधला एक दिवस. काचा बघायचं काम ऐन भरात होतं. सकाळी आईचा एको होता. रिपोर्ट हातात पडला, मी तो तिथेच उभ्याने तीनदा वाचला, आईला रिक्षात बसवून घरी धाडलं आणि धावत कॉलेजात आले. मास्क लावायचं भान राहिलं नाही. प्रयोगशाळेचं दार ढकललं. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. त्यांनी मान वर केली, माझा चेहरा पाहिला, आणि विंचू चावल्यासारखे उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"बोलू नकोस!" भिंतीला म्हणाले. "एक अक्षर बोलू नकोस. काचांचं काही असेल तर आल्या पावली परत जा."

"सर, काचांचं नाही. आईचं आहे."

ते वळले नाहीत. "आकडा?"

"सत्तावन्न."

सर तसेच उभे राहिले, पाठमोरे. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग भिंतीकडे बघतच हात मागे केला. मी रिपोर्ट त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो नाकाशी धरून वाचला आणि तसाच मागे हात करून मला परत दिला.

"आता घरी जा," ते म्हणाले. "आज दिवसभर इथे फिरकू नकोस. असा चेहरा घेऊन तू समोर असलीस तर मला सगळ्याच काचा चांगल्या दिसायला लागतील."